पिंजऱ्यांतला राघू

तापीच्या उत्तरेला शहादें आणि तळोदें या भागांत ज्वारीचीं कणसें दाण्यानें भरूं लागलीं म्हणजे उजाडतांच मचाणांवरून गोफणी फिरूं लागतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या झाडींतून हिरवे थवे किंचाळत येतात, कणीस चोंचीनें खुडतात, चार दाणे खातात, बाकीचे मातींत टाकतात आणि लगेच दुसऱ्या ताटावर जाऊन बसतात. शेतकऱ्याच्या लेखीं हा पक्षी उघड चोर होय. परंतु त्याच शेतकऱ्याच्या ओसरीवर एके काळीं तारेचा एखादा पिंजरा टांगलेला असे. त्यांत तोच चोर बसलेला असे. आणि घरांतली वडीलधारी बाई त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ घातल्यावांचून स्वतः घास घेत नसे.

मराठी भाषेनेंहि या पक्ष्याविषयीं अशींच दोन परस्परविरुद्ध मतें नोंदून ठेवलीं आहेत. जात्यावरच्या ओव्यांत आई आपल्या मुलाला राघू म्हणते आणि मुलीला मैना म्हणते. लेकरासाठीं याहून जिव्हाळ्याचा शब्द ओवीला सांपडला नाहीं. उलट अर्थ न कळतां केलेल्या घोकंपट्टीला आपण पोपटपंची म्हणतों, आणि तो शब्द कोणालाहि गौरवाचा वाटत नाहीं. एकच पक्षी लेकराच्या जागीं बसतो आणि निर्बुद्धपणाच्याहि जागीं बसतो! राघू माणसाला खरोखर जीव लावतो, कीं माणसाचाच आवाज त्याला परत देतो, हा प्रश्न पिंजऱ्यापुढें उभ्या राहिलेल्या कित्येकांच्या मनांत आला असेल. त्याचें उत्तर शोधूं जातां पुष्कळ मागें जावें लागतें.

नंदुरबार हा जिल्हा 1 जुलै 1998 रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. जुन्या काळीं हा सारा मुलूख पश्चिम खानदेशांत मोडे. मध्यें तापीचें सपाट खोरें, वर अक्राणी आणि तोरणमाळ यांचे डोंगर, आणि अगदीं उत्तरेच्या शिवेवर नर्मदा, अशी त्याची ठेवण आहे. सपाटीवरच्या शेतांत दिसतो तो गळ्याला काळी-गुलाबी कंठी असलेला नेहमींचा पोपट. ही कंठी नरालाच असते, आणि तीहि वयाच्या तिसऱ्या वर्षाच्या सुमारास उमटते. डोंगरांतल्या झाडींत जांभळट डोक्याचा लहानखुरा तुईया दिसतो. खांद्यावर तांबडा डाग मिरवणारा मोठा पहाडी पोपट हा तिसरा. या मोठ्या पोपटाला युरोपीय शास्त्रज्ञांनीं शिकंदराचें नांव दिलें आहे. नर्मदा ओलांडली कीं विंध्याद्रि लागतो. आणि भारतीय वाङ्मयांतला सर्वांत प्रसिद्ध पोपट जन्मला तो या विंध्याच्या अरण्यांतच.

इ. स. च्या सातव्या शतकांत हर्षवर्धनाच्या सभेंत असलेल्या बाणभट्टानें ‘कादंबरी’ लिहिली. ग्रंथ अपुरा असतांनाच तो वारला व त्याच्या मुलानें तो पुरा केला. मराठींत 1857 सालीं बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ निघाल्यापासून जो वाङ्मयप्रकार वाढीला लागला, त्याला आपण याच ग्रंथाचें नांव दिलें. परंतु या मूळच्या कादंबरीची कथा सांगणारा हा पिंजऱ्यांतला पोपट आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. विदिशेच्या शूद्रक राजापुढें एक चांडाळकन्या सोन्याचा पिंजरा घेऊन येते. आंतला वैशंपायन नांवाचा पोपट उजवा पाय उचलून राजाला आशीर्वाद देतो व एक श्लोक म्हणतो. सभा थक्क होते. राजा त्याला अंतःपुरांत पाठवितो, जेवणानंतर भेटतो, आणि पहिली विचारपूस करतो ती खाण्यापिण्याची. जांभळाचा रस प्यालों, डाळिंबाचे दाणे फोडले, असें पोपट सांगतो. मग राजा विचारतो, तूं कोण, कोठला, पिंजऱ्यांत कसा आलास?

यापुढचीं पानें ज्यानें वाचलीं तो सहसा तीं विसरत नाहीं. पंपासरोवराच्या कांठीं एक प्रचंड जुनी सांवर असते. तिच्या ढोलींत, फांद्यांच्या बेचक्यांत, सालींच्या फटींत हजारों पोपट पिढ्यान् पिढ्या राहत असतात. वैशंपायनाची आई त्याला जन्म देतांनाच मेलेली. म्हातारा बाप पंख झडलेले असतांहि खालीं पडलेलीं भाताचीं कणसें आणि फळांचे तुकडे गोळा करून त्याला भरवितो व उरलें तर आपण खातो. एके दिवशीं शबरांची शिकारी टोळी अरण्यांतून जाते. सगळे निघून जातात, पण ज्याला दिवसभर कांहीं मिळालेलें नाहीं असा एक म्हातारा शबर मागें राहतो. तो त्या झाडावर चढतो. एकेका ढोलींत हात घालून, फळें काढावींत तशीं पिलें काढतो, माना पिरगाळतो व खालीं टाकतो. बाप पिलाला पंखाखालीं झांकून घेतो. त्या बापाचीहि तीच गत होते. बापाच्या मृत देहाबरोबर पिलूं वाळलेल्या पानांच्या राशीवर पडतें, सरपटत एका तमाल वृक्षाच्या मुळाशीं शिरतें, आणि तहानेनें मरणार तोंच वाटेनें जाणारा हारीत नांवाचा तरुण मुनि त्याला उचलून त्याच्या चोंचींत पाण्याचे थेंब सोडतो.

बाणाच्या अलंकारांची जी काय निंदा व्हायची ती होवो. परंतु पोपट घरांत येतो तो कोठून व कसा, हें त्यानें दडवून ठेवलें नाहीं. पाळीव पोपटाच्या इतिहासांत ढोलींत शिरणारा हा हात पहिल्यापासून आहे. बोलका पोपट हवा तर तो पिलूं असतांनाच आणावा लागतो. मोठेपणीं पकडलेला सहसा माणसाळत नाहीं. तो पिंजऱ्याच्या गजांवर चोंच आपटतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीपासून पोपट ढोली शोधूं लागले कीं पारधीहि त्या हेरूं लागत, आणि पुढें पिसें पुरतीं फुटण्यापूर्वींच पिलें बाजारांत येत. मादी एका खेपेस तीन-चार अंडीं घालते व सुमारें तीन आठवडे तीं उबविते. त्या काळांत नर आपल्या पोटांतलें अन्न वर काढून तिला भरवितो. ही भरविण्याची रीत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. तिचा संबंध पुढें येणार आहे.

परदेशीयांना या पक्ष्याचें नवल आपल्याहून अधिक वाटलें. इ. स. पू. 400 च्या सुमारास इराणच्या दरबारीं असलेल्या क्टेसियस या ग्रीक वैद्यानें हिंदुस्थानांतल्या बोलक्या पक्ष्याची हकीकत लिहिली. हा पक्षी हिंदी माणसासारखा बोलतो आणि शिकविल्यास ग्रीकहि बोलेल, असें त्याचें म्हणणें. शिकंदराचा नौसेनापति निआर्कस यानेंहि पोपटाचें वर्णन मोठ्या आश्चर्यानें केलें. ॲरिस्टॉटलनें तर या पक्ष्याला मद्य पाजलें असतां तो जास्तच उद्धट होतो अशी नोंद केली आहे. ती पाहून हा प्रयोग कोणी व कशासाठीं केला असेल, असा विचार मनांत येतोच.

इकडे हिंदुस्थानांत पोपटाला बोलावयास शिकविणें ही एक रीतसर कला मानली गेली होती. वात्स्यायनाच्या कामसूत्रांतील चौसष्ट कलांत ‘शुकसारिकाप्रलापन’ म्हणजे पोपट व मैना यांना पढविणें ही एक आहे. नागर गृहस्थाच्या घरीं वीणा टांगलेली असावी तसे पक्ष्यांचे पिंजरेहि असावेत, हें तेव्हां रसिकतेचें लक्षण होतें. अमरूच्या शतकांत एका घरची फजिती वर्णिली आहे. रात्रीं नवराबायकोंचें झालेलें बोलणें पोपट सकाळीं वडील मंडळींच्या देखत म्हणूं लागतो. लाजेनें चूर झालेली वधू कानांतलें माणिक काढून डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोंचींत देते व त्याचें तोंड बंद करते. ज्या घरांत असा पोपट आहे त्या घराला गुपित ठेवण्याची सोय नाहीं, हें तेराशें वर्षांपूर्वींहि कळून चुकलें होतें.

महाराष्ट्रांत हा पक्षी अध्यात्मांतहि शिरला. सन 1290 मध्यें पुरी झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांत पोपट धरण्याच्या नळीचा दृष्टांत आहे. आडव्या दोरीत ओंवलेल्या नळीवर पोपट बसला कीं त्याच्या भारानें ती फिरते, पोपट उलटा लोंबूं लागतो, आणि पडण्याच्या भीतीनें नळी अधिकच घट्ट धरतो. त्याला कोणी बांधलेलें नसतें. सोडली तर उडतां येईल, पण पाय सुटत नाहींत. दृष्टांताचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. इतिहासाच्या दृष्टीनें दुसरी एक गोष्ट दिसते, ती ही कीं श्रोत्यांना ही नळी समजावून सांगण्याचें कारण नव्हतें. गांवोगांवच्या माणसांनीं ती पाहिलेली होती. पोपटाला रामनाम शिकवितां शिकवितां गणिका तरली, ही कथा तर संतांच्या तोंडीं वारंवार येते. त्यामुळें मराठी घरांत पोपटाला पढविण्याचा पहिला धडा हटकून देवाच्या नांवाचा असे. राम राम, विठ्ठल विठ्ठल. मग घरांतल्या मुलांचीं नांवें. आणि मग, कोणीं शिकविलें म्हणून कोणीच कबूल करणार नाहीं अशी एखादी शिवी.

‘शुकसप्ततीं’तला पोपट याहून निराळ्या कामावर असतो. धनी परगांवीं गेला असतां त्याची बायको रोज रात्रीं बाहेर जावयास निघते, आणि पोपट रोज तिला एक गोष्ट सांगून थोपवून धरतो. असा तो सत्तर रात्रीं घर राखतो. या कथांचें फारशींत ‘तुतीनामा’ या नांवानें रूपांतर झालें, आणि अकबराच्या चित्रशाळेंत त्या पोथीचीं चित्रें काढलीं गेलीं. मराठींत तिचा अवतार ‘शुकबहात्तरी’ या नांवानें झाला. ती पोथी 1897 सालीं रिचर्ड श्मिट या जर्मन पंडितानें संपादून छापली. मराठी घरांतला राघू जर्मनीपर्यंत पोंचला तो असा.

आतां घरांतल्या पिंजऱ्याकडे वळूं. पोपटाला माणसाळविण्याची जुन्या बायकांची रीत ठराविक होती. नव्या पिलाला पहिले कांहीं दिवस हात लावावयाचा नाहीं. पिंजरा माणसांच्या वावरांत, पण वाऱ्यापासून आडोशाला, डोळ्यांच्या उंचीवर टांगावयाचा. खाणें रोज एकाच हातानें द्यावयाचें, आणि देतांना एकच शब्द म्हणावयाचा. पिलूं घाबरून मागें सरलें तर हात तेथेंच स्थिर ठेवावयाचा, पुढें न्यावयाचा नाहीं. शिकविणें तें पहांटे आणि दिवेलागणीला. यांतलें बहुतेक आजच्या पक्षिवैद्यांनाहि मान्य होईल. पहांट व संध्याकाळ या वेळांना तर निसर्गांतच आधार आहे, कारण रानांतले थवे सर्वांत जास्त बोलतात ते झोपण्याच्या झाडावरून उठतांना आणि परत जमतांना. पिंजऱ्याचा आकार मात्र या सर्व शहाणपणांत कोणीं विचारांत घेतला नाहीं. दिवसाला मैलोगणती उडणाऱ्या पक्ष्याला पंख पसरतां येत नाहींत अशी ती जागा असे.

राघूच्या जेवणांत डाळीबरोबर हिरवी मिरची आणि पेरू हीं आलींच. इतकीं कीं राघू आणि मिरची यांचें नातें अनादि असावें असें वाटतें. प्रत्यक्षांत मिरची आणि पेरू हीं दोन्ही अमेरिकेंतलीं. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत तीं इकडे आलीं. बाणाच्या वैशंपायनानें मिरची पाहिलीहि नव्हती. आज नंदुरबार हें शहर मिरचीच्या मोठ्या बाजारपेठेमुळें ओळखलें जातें; हंगामांत तेथल्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते आणि तिच्या खकाण्यानें येणाराजाणारा शिंकत असतो. पोपट ती शांतपणें कुरतडतो, याचें कारण त्याची तपश्चर्या नव्हे. मिरचीचा जो दाह सस्तन प्राण्यांना जाणवतो तो पक्ष्यांच्या मज्जातंतूंना जाणवतच नाहीं, हें कोंबडीच्या पेशींवरील संशोधनानें 2002 सालीं दाखवून दिलें. मिरची खातो म्हणून पोपट तिखट बोलतो, ही समजूत त्यामुळें मोडींत काढावी लागते.

राहिला मूळचा प्रश्न. त्याला समजतें काय? हा प्रश्न बाबर बादशहालाहि पडला होता. हिंदुस्थानांतल्या प्राण्यांचें वर्णन करतांना त्यानें आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे कीं, पोपट शिकविलें तेवढेंच बोलतो, स्वतः विचार करून बोलत नाहीं, अशी त्याची समजूत होती. पुढें अबुल कासिम जलैर नांवाच्या त्याच्या एका निकटच्या सेवकानें त्याला आपल्या पोपटाची गोष्ट सांगितली. पिंजऱ्यावर कापड घातलेलें असतांना पोपट आंतून म्हणाला कीं, माझें तोंड उघडें कर, जीव गुदमरतो. बाबर हें लिहून ठेवतो, आणि लगेच, खऱ्याखोट्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर, अशी पुस्तीहि जोडतो. स्वतःच्या कानांनीं ऐकल्याशिवाय विश्वास ठेवावयाचा नाहीं, हा त्याचा बाणा येथें शोभून दिसतो.

बाबराची शंका तपासून पाहण्याचें काम साडेचारशें वर्षांनीं अमेरिकेंत झालें. आयरीन पेपरबर्ग या विदुषीनें 1977 सालीं आफ्रिकेंतल्या करड्या जातीचा एक पोपट दुकानांतून विकत घेतला व त्याचें नांव ॲलेक्स ठेवलें. 2007 सालीं तो मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षें, तिनें त्याला शिकविलें. पुढें ठेवलेली वस्तु कोणती, तिचा रंग कोणता, आकार कोणता, अशा वस्तु किती, हें तो विचारल्यावर सांगे. दोन वस्तूंत सारखें काय आणि निराळें काय, हेंहि सांगे. हा आपला नेहमींचा पोपट नव्हे, त्याचा लांबचा भाऊबंद होय. आणि ॲलेक्स जें करी त्याला भाषा म्हणावें कीं नाहीं यावर विद्वानांत वाद आहेत. परंतु शब्द आणि वस्तु यांची गांठ त्याला पडत होती, एवढ्यावर पोपटपंची हा शब्द त्याच्यापुरता तरी मागें घ्यावा लागेल.

त्याहून महत्त्वाची आहे ती शिकविण्याची रीत. पोपटापुढें एकच शब्द शंभरदां घोकून तो फारसें शिकत नसे. दोन माणसें त्याच्यासमोर बसत. एक दुसऱ्याला वस्तु दाखवून नांव विचारी, दुसरा बरोबर सांगितल्यास ती वस्तु मिळवी. पोपट मत्सरानें पाहत राही, आणि त्या बोलण्यांत आपणहि शिरूं पाही. आता जुन्या मराठी घरांतली ओसरी डोळ्यांपुढें आणावी. आजी नातवाला जवळ बोलावते, नांवानें हांक मारते, नातू ओ देतो, त्याला खाऊ मिळतो. आणि हें सगळें पिंजऱ्याच्या पुढ्यांत, दिवसांतून वीस वेळां. कोणी न ठरवितां ती शाळाच भरलेली असे! पोपट देवाचें नांव शिके तें उशिरा, आणि मुलांचीं नांवें उचली तीं लौकर, असा पुष्कळ घरांचा अनुभव असण्याचें कारण हेंच असावें.

मग तो बोलतो कशासाठीं? रानांत पोपटाचा आवाज ही थव्यांतली ओळख असते. कित्येक जातींत जोडीदार आणि सोबती एकमेकांचे आवाज उचलतात, आणि आपण एकाच मेळाव्यांतले आहोंत हें त्या आवाजानें कळवितात. पिंजऱ्यांतल्या पिलाला थवा दिसतो तो घरांतल्या माणसांचा. म्हणून तें त्यांचा आवाज उचलतें. कोनराड लोरेन्झ यानें 1935 सालीं हंस-बदकांच्या पिलांवरून दाखविलें होतें कीं, अंड्यांतून निघतांच जें हालतें दिसेल त्यालाच पिलूं आई समजतें. पोपटाचें पिलूं इतक्या झटपट फसत नाहीं; परंतु डोळे उघडल्यापासून ज्याच्या हातून घास मिळाला, त्याच्याच जातीचे आपण आहोंत अशी त्याचीहि समजूत होऊन बसते. पुढें वयांत आल्यावर तें त्या माणसापुढें मान खालीं घालून डोक्याचीं पिसें फुलवितें, कारण स्वतःच्या डोक्याचीं पिसें त्याला स्वतः चोंचीनें विंचरतां येत नाहींत. रानांत तें काम जोडीदाराचें. डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचित-विस्फारित करतें. परक्यानें जवळ येतांच चावतें. आणि एखादे दिवशीं पोटांतले दाणे वर काढून मालकाच्या बोटावर ठेवतें. घरच्यांना वाटतें, पोपट आजारी पडला. आजार नसतो, नर मादीला भरवितो तीच ती रीत असते.

तेव्हां राघू जीव लावतो ही गोष्ट खरी. आईच्या ओवीनें त्याला दिलेली जागा फुकटची नव्हे. फक्त तो जीव लावतो तो माणसाला माणूस समजून नव्हे, तर पोपट समजून. आणि तसें समजण्याची पाळी त्याच्यावर येते ती त्याचे सगळे पोपट काढून घेतल्यावर. पंचवीस-तीस वर्षें तो जगूं शकतो. त्या काळांत घरांतलीं मुलें मोठीं होऊन जातात, मुली सासरीं जातात, आजी मरते. गेलेल्या माणसाच्या आवाजांत पोपट हांका मारीत राहतो, आणि ओ देणारें कोणी नसतें. अशा घरांत मग पिंजरा माजघराच्या कोपऱ्यांत सरकतो. पोपट आपल्याच छातीचीं पिसें उपटूं लागतो.

पक्ष्यांशीं संबंध जोडण्याच्या आणखीहि रीती याच नंदुरबारच्या डोंगरांनीं पाहिल्या आहेत, आणि त्यांची तुलना येथें अप्रस्तुत होणार नाहीं. जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें 1882 सालीं पश्चिम खानदेशांतल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. ती आजहि उपयोगी आहे. त्या काळीं पक्षी ओळखावयाचा म्हणजे बंदुकीनें पाडून त्याचें कातडें पेंढा भरून ठेवावयाचें. डेव्हिडसननें शहादें-तळोद्याकडून रानपिंगळ्याचे नमुने मिळविले. ते विलायतेच्या संग्रहालयांत गेले, आणि 1884 नंतर हा पक्षी जिवंत असा कोणाला दिसेनासा झाला. मधल्या काळांत रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या लष्करी अधिकाऱ्यानें त्यांतला एक नमुना चोरून त्यावर 1914 आणि गुजरातेंतलें मांडवी अशी खोटी चिठ्ठी लावली, त्यामुळें शोधणारे भलतीकडेच शोधत राहिले. ही लबाडी उघड केल्यावर पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणांकडे वळले, आणि नोव्हेंबर 1997 मध्यें शहाद्याजवळच्या रानांत, पर्णहीन झाडाच्या शेंड्यावर, तो पक्षी त्यांना बसलेला दिसला. 113 वर्षांनीं! त्यांनीं त्याचीं छायाचित्रें घेतलीं, चलच्चित्र घेतलें, आणि तो उडून गेल्यावर तेहि परत गेले.

खानदेशच्याच बहिणाबाई चौधरी यांनीं सुगरणीचा खोपा पाहिला तोहि असाच, झाडाला लोंबतांना, हात न लावतां. त्यांचीं गाणीं 1952 सालीं पुस्तकरूपानें निघालीं, आणि तो खोपा महाराष्ट्रांतल्या प्रत्येक शाळकरी मुलाच्या ओळखीचा झाला.

घरांतल्या पिंजऱ्याकडे कायद्याची नजर वळली ती फार उशिरा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वन्य पक्ष्यांना संरक्षण दिलें. 1990-91 च्या सुमारास देशी पक्ष्यांच्या व्यापारावर सर्वस्वीं बंदी आली. 2022 मध्यें कायद्याची आणखी दुरुस्ती झाली. आज हिंदुस्थानांतला कोणताहि देशी पोपट धरणें, विकणें व घरीं बाळगणें हा गुन्हा आहे. तरीहि पिलें येतातच, कारण मागणी आहे. आणि मागणी करणारा दुष्ट असतो असेंहि नाहीं. बहुधा लहानपणीं आजीच्या ओसरीवर राघू होता, एवढेंच त्याचें निमित्त असतें. कायद्याच्या भयानें किंवा कींव येऊन कोणी पिंजऱ्याचें दार उघडून देतात, तीहि दया बहुधा महागांत पडते. हातावर वाढलेल्या पक्ष्याला ससाणा ठाऊक नसतो, ढोल ठाऊक नसते, थव्याची बोली येत नाहीं. तो शेजारच्या गच्चीवर उतरून माणसाला हांक मारतो, आणि तेथें मांजर असतें. अशा पक्ष्याला वन खात्याच्या हवालीं करून इतर पोपटांच्या संगतींत कांहीं काळ ठेवावें लागतें.

शहरांतल्या बिऱ्हाडांत आतां बहुधा बजरीगर दिसतात. लोक त्यांना लव्हबर्ड म्हणतात, पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेंतले. बजरीगर हा ऑस्ट्रेलियाच्या माळांवरचा; जॉन गूल्ड यानें 1840 सालीं तो जिवंत विलायतेस नेला आणि तेव्हांपासून त्याच्या पिढ्या पिंजऱ्यांतच जन्मत आल्या आहेत. त्याच्यासाठीं कोणाला ढोलींत हात घालावा लागत नाहीं, एवढा फरक आहे. परंतु तोहि थव्यानें राहणारा. एकटा ठेवला तर माणसाशीं लौकर बोलूं लागतो म्हणून पुष्कळजण त्याला मुद्दाम एकटा ठेवतात.

बाणाच्या कथेंतला एक भाग सांगावयाचा राहिला. आश्रमांत वाढलेला वैशंपायन पंख फुटतांच उतावीळपणें उडून जातो, वाटेंत थकून झोपतो, आणि जाळ्यांत सांपडतो. त्याला लांकडी पिंजऱ्यांत घालतात. तो ठरवितो कीं आतां अन्न घ्यावयाचें नाहीं आणि एक अक्षरहि बोलावयाचें नाहीं. ती चांडाळकन्या रागावत नाहीं. फळें पुढें करते, समजूत घालते. भुकेपुढें त्याचें चालत नाहीं व तो खाऊं लागतो, पण मौन सोडीत नाहीं. असे पुष्कळ दिवस जातात. एका सकाळीं जागा होऊन पाहतो तों लांकडाचा पिंजरा सोन्याचा झालेला असतो. ही मुलगी कोण आहे, तिनें आपल्याला कां कोंडलें, आणि येथें कां आणलें, हें जाणण्याची उत्कंठा आपल्यालाहि तुमच्याइतकीच आहे, असें तो राजाला सांगतो.